टोपलीतलं हिरवं अळंबं

तुखोलच्या जंगलाकडेला एक रीत आहे. नवख्यानं अळंबी गोळा केली, की चुलीवर चढवण्याआधी टोपली गावातल्या जाणत्याला दाखवायची. त्या गावात जाणता म्हणजे लुदोमिर ह्रिन्याक. आईनं लहानपणी जंगलात हिंडवून त्याला शिकवलं होतं. तो खा म्हणाला की लोक डोळे मिटून खात.

ह्याच माणसाच्या शब्दाला एकदा कवडीची किंमत नव्हती. जर्मनांनी देश बुडवला तेव्हा लुदोमिर विमानदळातला पोरसवदा वैमानिक. सरहद्दी ओलांडत तो इंग्लंडला पोचला, परक्या आभाळात जर्मन विमानं पाडली, जळत्या विमानातून उडी टाकून वाचला. तेव्हा गुत्त्यात इंग्रज त्याला दारूचे पैसे देऊ देत नसत. लढाई संपली आणि नूर पालटला. लंडनात विजयाची मिरवणूक निघाली, तिच्यात त्याच्या देशाच्या पलटणी नव्हत्या. गुत्त्याचा तोच मालक विचारू लागला, मग घरी कधी जाताय? गरज सरो, वैद्य मरो. लुदोमिर घरी आला. घरी मॉस्कोच्या तालावर नाचणारं सरकार बसलं होतं, आणि इंग्रजांकडून लढला तो इंग्रजांचा हेर, एवढा त्यांचा साधा न्याय.

तुरुंगात त्याची चौकशी कप्तान सेवेरिन गायदाकडे होती. लुदोमिर खरं तेच सांगे. गायदा ऐकून घेई, पेन्सिल टेबलावर टकटक आपटे आणि म्हणे, "पुन्हा. पहिल्यापासून." मग मार. खरं बोलण्यापायी लुदोमिरचे दात गेले, नखं गेली. बाहेर त्याची बायको पेलागिया थंडीत खाण्याचं गाठोडं घेऊन फाटकाशी उभी राही. एका हिवाळ्यात गायदानं स्वतः बाहेर येऊन तिला सांगितलं की तुझा नवरा मेला, आता येऊ नकोस. बिचारीनं काळे कपडे घातले, चर्चमध्ये प्रार्थना करवली. पुढे राजवट जरा सैल पडली, कैदी सुटले, आणि तिचा मेलेला नवरा दारात येऊन उभा राहिला. विमानाच्या जवळपास त्याला कोणी फिरकू देईना. तो लाकडाच्या वखारीत लागला, दाढी वाढवली आणि गप्प बसला. पण विसरला म्हणाल, तर नाव नको.

बऱ्याच वर्षांनी एका शरद ऋतूत शेजारचं रिकामं घर कुणा शहरी विधुरानं विकत घेतलं. एका दुपारी तो टोपली घेऊन कुंपणाशी आला. गोल पोट, गवताची टोपी, चेहऱ्यावर सुखवस्तू तकाकी.

"तुम्ही जाणते म्हणे. बघा बुवा जरा. पण नीट, पहिल्यापासून," असं म्हणून त्यानं हातातल्या सुरीची मूठ कुंपणाच्या फळीवर टकटक आपटली.

लुदोमिरच्या तोंडात तुरुंगातल्या रक्ताची चव आली. गायदानं मात्र त्याला ओळखलं नव्हतं. दाढी आणि कवळीमागचा माणूस ह्या मेल्याला कुठून दिसणार? ह्यानं असे कितीतरी तुडवले असतील.

टोपलीत सुरेख माल होता, तपकिरी टोप्यांची गुबगुबीत अळंबी, वर पिवळी चिमुकली. आणि त्यांच्यात एक हिरवट, मऊ, देखणं. शहरी माणूस जी चूक हमखास करतो, तीच ह्यानं केली होती. हिरवं खायचं अळंबंही असतं, त्याच्या टोपीखालचे पदर पिवळे. ह्याचे पदर पांढरेशुभ्र होते. शिवाय गायदानं ते मुळातून उपटलं नव्हतं, सुरीनं देठ कापला होता, त्यामुळे बुडाशी असणारी पिशवी, ह्या विषाची खूण, मातीतच राहिली होती. हे पोटात गेलं की माणूस दिवसभर ठणठणीत असतो, मग कळवळत मरतो.

काही करायला नको होतं. नुसतं गप्प राहायचं. गायदा एकटा राहतो, एकटाच खाईल, आणि दोष त्याच्याच सुरीचा. लुदोमिरनं ते अळंबं बाकीच्यांखाली सरकवलं आणि टोपली परत दिली.

"झकास आहेत," तो म्हणाला. गायदा आभार मानून वळला.

आणि लुदोमिरचा जीव तळमळला. दया? छे, दयाबिया काही नाही. हा मरणार, आणि कुणी मारलं हे न कळताच मरणार, हे त्याला सोसेना. त्यानं हाक मारली. टोपली घेऊन हिरवं अळंबं बाहेर काढलं आणि कुंपणाच्या खांबावर ठेवलं.

"हे विष आहे, गायदा. बाकीची चांगली आहेत. मी लुदोमिर ह्रिन्याक. इंग्रजांचा हेर."

गायदाची तकाकी उतरली. त्यानं टोपलीत वाकून पाहिलं. "बाकीची... खरंच चांगली आहेत?"

"चांगली आहेत."

"आत्ताच तर सगळी झकास म्हणालात. खरं सांगा."

"खरंच सांगतोय. तुला पटत नसेल तर विचार. पुन्हा. पहिल्यापासून."

त्यानं विचारलं. लुदोमिरनं तेच उत्तर दिलं. त्यानं परत विचारलं, परत तेच उत्तर. शेवटी गायदाच्या हातून टोपली सुटली आणि अळंबी गवतात सांडली.

पेलागिया उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पदर खोचल्यासारखी ॲप्रनची गाठ आवळून आली, खाली बसून एकूण एक अळंबं वेचलं, चूल अंगणात मांडली आणि लोणी, कांदा, आंबट साय घालून कढईभर रांधलं. वासानं अख्खी गल्ली जागी झाली. दोघं नवरा-बायको कुंपणाकडे तोंड करून जेवले. गायदा खिडकीतून बघत होता.

त्यानंतर गावातल्या कुणाचं दूध त्याच्या घशाखाली उतरेना, मध नको, लोणचं नको, शेजारणीनं दिलेला पावसुद्धा तो कोंबड्यांना टाकी. गाव त्याला हसू लागलं. खांबावरचं हिरवं अळंबं सुकून काळं पडलं, तरी लुदोमिरनं ते काढलं नाही. बर्फ पडायच्या आत गायदा वाळून, घर विकून गेला.

सामानाची गाडी वळणाआड गेली तेव्हा पेलागियानं विचारलं, "झालं समाधान, लुदेक?"

लुदोमिरनं कवळीवरून जीभ फिरवली.

"नाही," तो म्हणाला.