मुऱ्हाळ्याचा कोंबडा

"तू गेलीस तर आमच्या पोटाचं काय?" भिवानं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. शेवंतीनं चौथ्यांदा सिगडीत फुंकर घातली.

लालबागच्या चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत नवरा भिवा आणि गावचे चार गडी तिच्या हातचं जेवत. एरवी गिरणीतल्या पाळ्या वेगळ्या, म्हणून अंग टाकायला जागा व्हायची. आता संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, वर संचारबंदी. पाचही जण तीन दिवस घरात. वळायचं म्हटलं तरी कुणाच्या तरी पायावरनं. त्यात तिचा थोरला भाऊ अण्णा मुऱ्हाळी म्हणून माहेराला न्यायला बंदीआधीच आलेला, पाटीत कोंबडा घेऊन. धाकटीची परवा हळद. उद्या सकाळी बंदी उठणार, की लगेच गाडी.

"खानावळी बी बंद, सूनबाई," गड्यांतला म्हातारा सीताराम म्हणाला. "आमी काय चुरमुरं चघळायचं?"

"न्यायची तर न्या," भिवा अण्णाला म्हणाला. "पर सैपाकाचं आधी सांगा."

मुऱ्हाळ्यानं भांडायचं नसतं. अण्णानं मान खाली घातली.

शेवंती उठली, कोपऱ्यातल्या गोणपाटावर जाऊन बसली. "मला कावळा शिवलाय."

चार दिवस तिचा हात भांड्याला लागणार नव्हता. शेजारच्या राधाबाईनं दारातनंच हात झटकले, "माझ्याच घरात नऊ खाणारी हैत, बाबा!"

"तुमीच रांधा, मी सांगते. सोपं हाय," शेवंती भिंतीला टेकून म्हणाली. सीतारामनं मोरीत कोंबडा साफ केला. "तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण चोळा. कांदा लाल करा. लाल म्हंजे लाल, भोंगा झाल्यागत घाई नको. झाकणावर पानी ठेवा, वाफंवर शिजू द्या. अवो, खोबरं भाजून वाटा की!"

दोन माग एकट्यानं हाकणारा भिवा एका वरवंट्यापुढं घामाघूम झाला.

"आता तिखट. त्येच झाकणावरचं गरम पानी वता. गार वतलं तर तर्री मरंल."

तर्री मेली नाही. सकाळच्या भाकऱ्या रश्श्यात बुडाल्या.

"आयला!" सीताराम ओरपत म्हणाला. "येवढं सोपं आन बायका केवढा तोरा मिरवत्यात!"

भिवा फुगला. "जा गं, खुशाल जा. आमचं काय आडत न्हाय."

शेवंतीच्या छातीवरचं जातं उतरलं. तोच अण्णानं घास ताटात ठेवला.

"पर शेवंते, अशी कशी न्यू? घरात देवक बसलेलं. आई उंबऱ्यावरच थांबवंल. मी एकलाच जातो."

सगळं जुळवलं होतं तिनं, हेच तेवढं निसटलं होतं. खोटं कबूल करावं, तर भिवाचा हात तोंडाआधी चालायचा. गप्प बसावं, तर हळद या गोणपाटावरच.

ती उठली. उघड्या हातानं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पळीभर रस्सा भिवाच्या ताटात ओतला. सगळ्यांचे जबडे थांबले.

"काय बी शिवलं न्हाय मला. जेवा."

भिवा अर्धा उठला, हात वर.

"बस रं," सीतारामनं त्याचं धोतर ओढलं. "रांधलंस तू, जा म्हनलास बी तूच. आता तंगडी तोंडात धरून कुनाला आडवतोस?"

कुणीतरी फसकन हसलं. भिवाचा हात खाली आला, पण डोळे नाहीत.

"रस्सा झाला. भाकरी कोन थापंल?"

शेवंतीनं पिठाची परात त्याच्यापुढं सरकवली.

"गाडी सकाळची हाय. हात धुवा, बसा. तवर थापाया येतंय."