गणपतीच्या चित्राखालची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी मला हातात घेतले की हा हिशोब करायला आला आहे की काही लपवायला, हे मी आधी पाहतो. मी जन्मतः असा नव्हतो. कसा झालो, तेच सांगणार आहे.

माझे सुटे भाग कुठल्या कारखान्यात जोडले गेले ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाची आहे. काचेच्या कपाटात मी काळ्या, सरकत्या कव्हरात बसलो होतो. सन १९९५ च्या पावसाळ्यात पिंपळवंडीचे बागायतदार रखमाजी आपल्या मुलाला, सुदर्शनला, घेऊन तिथे आले. सुदर्शनला तंत्रनिकेतनात डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. रखमाजींनी मला उलटसुलट करून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, "हा आपलाआपला सगळं सोडवतो का, का पोरालाबी काय करावं लागतं?" दुकानदार हसला. रखमाजी मात्र हसले नाहीत. त्यांना खरेच उत्तर हवे होते.

सुदर्शन मठ्ठ नव्हता, मित्रांनो. तो घाबरट होता. सूत्र पाठ असले तरी पेपर समोर आला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यातच घरच्यांनी त्याच्याकडून एक आशा धरली होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला उत्तम गुण पडले, तर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पुण्यातल्या एका नामांकित सरकारी कॉलेजात अशा जागा फारच थोड्या असत आणि त्यांच्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलांचा डोळा असे.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी सुदर्शन घरी आला होता. एका दुपारी तो ओट्यावर बसला आणि कंपासमधले कर्कटक घेऊन माझ्या कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक बारीक कोरू लागला. त्याची आई, कुशाबाई, शेजारीच मेथी निवडत होती.

"काय करतूस रं?" तिने विचारले.

"नाव कोरतोय. हॉस्टेलात लई चोऱ्या व्हत्यात."

तो ऊन कलेपर्यंत कोरत होता. मग त्याने त्यावर लेण्याद्रीच्या गणपतीचे छोटे चित्र लावले. त्याला खालच्या कडेलाच तेवढा डिंक होता. परीक्षेत तो नखाने चित्र उचलायचा, वाचायचा आणि पुन्हा खाली दाबायचा. कुणालाही कळले नाही. निकाल लागला तेव्हा तो तंत्रनिकेतनात दुसरा आला होता. तिथे शिकवणाऱ्या डुंबरे सरांनी त्याला सर्वांपुढे बोलावून हार घातला आणि त्यातले एक फूल कौतुकाने माझ्यावर ठेवले. त्या फुलाखाली मला गुदमरल्यासारखे झाले. तेव्हापासून माझा विद्यार्थ्यांवरचा विश्वास उडाला.

ऑगस्ट १९९८ मध्ये सुदर्शन आईबरोबर आपला दाखला न्यायला तंत्रनिकेतनात आला. पुण्यात त्याला नवा कॅल्क्युलेटर मिळणार होता. मला विकायचे म्हणून त्याने गणपतीचे चित्र चारही कडांनी डिंक लावून घट्ट चिकटवले होते. त्याच दिवशी वैजयंती नावाची मुलगी प्रवेश घ्यायला आली होती. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत तिचे घर होते. भात आणि नाचणी पिकवणारे तिचे वडील जानकू तिच्यासोबत होते.

"चालतोय ना राव नीट?" मला हातात घेऊन जानकूंनी विचारले.

"चालतोय म्हंजे? मला पुण्याला पोचवलाय त्यानं!" सुदर्शन म्हणाला.

कुशाबाई बाजूलाच उभी होती. तिने माझे कव्हर उघडे पाहिले. चार अक्षरी नाव कोरले होते, त्या जागी गणपती कशाला, असा प्रश्न मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. तिचे ओठ हलले. पण ती काही बोलली नाही, आणि मी वैजयंतीच्या पिशवीत गेलो.

वैजयंतीने मला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले. वापर झाला की ती माझी बटणे फडक्याने पुसायची. इतकी काळजी मला कधीच मिळाली नव्हती. तरी मी तिच्यावर पाळत ठेवून होतो. त्याचे कारण सांगतो. प्रत्येक पेपरच्या आधी ती कव्हर उघडायची, गणपतीच्या चित्राला बोट लावायची आणि ते बोट कपाळाला टेकवायची. अवघड गणित आले की पुन्हा तेच. मला वाटायचे, हिलाही खाली काय आहे ते कळलेले दिसते. आता नख घालेल, मग घालेल. तीन वर्षे मी त्या नखाची वाट पाहिली. चित्राची कड तिने कधी उचलली नाही, आणि तरीही मी म्हणत राहिलो, ही फार सावध मुलगी आहे.

तिलाही पुण्याच्या त्याच कॉलेजात जायचे होते. डुंबरे सरांकडून तिने मागच्या वर्षी किती टक्क्यांना यादी थांबली ते लिहून आणले आणि तो कागद खोलीच्या दाराला आतून लावला. सर म्हणाले होते, "प्रवेश मिळेल गं, पण तिथली मुलं एक वर्षाचं गणित शिकून पुढं गेलेली असतात. तू आत्तापासून ते केलंस तरच टिकशील." म्हणून डिप्लोमाचा अभ्यास सांभाळून ती पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तकही सोडवत होती. तिच्या खोलीत राहणारी प्राची विचारायची, "हे आपल्याला कुठं हाय? तू काय लपवतीस का आमच्यापासून?" अधिवासाच्या दाखल्यासाठी वैजयंती घोडेगावच्या तहसील कचेरीत चार खेपा गेली. दर खेपेला कुणी ना कुणी कारकून तिच्या कागदांवरून नजर फिरवून पुन्हा तिच्याकडे पाहायचा, जणू कागद एकीचे आणि मुलगी दुसरीच.

सन २००१ च्या मे महिन्यात शेवटच्या वर्षाचा स्ट्रक्चर्सचा पेपर होता. वर्गावर पत्रे होते आणि उकाड्याने भिंतीही घामेजल्यासारख्या झाल्या होत्या. चित्राचा डिंक सुटू लागला होता. इतक्यात भरारी पथक आत आले. वैजयंतीने नेमके तेव्हाच गणपतीला बोट लावले. पथकातले एक सर थांबले.

"आत काय आहे?"

"गणपती हाय सर."

त्यांनी नख घातले. चित्र अलगद निघाले. खाली तुळयांची, भारांची सूत्रे ओळीने कोरलेली होती.

"वा! गणपतीच्या आड कॉपी!"

"सर, मला ठाव नव्हतं. जुना घेतलाय मी. आईशप्पथ ठाव नव्हतं."

वर्गातला प्रत्येक जण तिच्याकडे पाहत होता, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. मित्रांनो, तिची ती शपथ ऐकली आणि माझा संशय गळून पडला; सत्य ठाऊक असलेला त्या वर्गात मी एकटा होतो. मला लिफाफ्यात घालून वर लाख लावण्यात आली.

मी लिफाफ्यात असताना पुढे जे घडले, ते वैजयंतीने नंतर आपल्या आईला, अंबाबाईला, सांगितले तेव्हा मी ऐकले. तिची उत्तरपत्रिका काढून घेऊन दुसरी दिली होती. उरलेल्या वेळात तिने सगळे गुणाकार हाताने केले. संध्याकाळी खोलीवर गेली तर प्राची आपल्या वह्या पेटीत घालून कुलूप लावत होती. जूनमध्ये निकाल लागला. तिच्या नावापुढे गुण नव्हते, 'राखून ठेवला' एवढेच लिहिले होते. चौकशी समिती बसायची होती, आणि पुण्याच्या प्रवेशाची तारीख जवळ येत होती.

डुंबरे सर म्हणाले, "ज्यानं कोरलं त्यानं येऊन सांगितलं तर सुटशील." म्हणून ती आणि जानकू पिंपळवंडीला गेले. रखमाजींनी त्यांना ओट्याच्या वर येऊ दिले नाही.

"कशावरून आमचाच? असे हजार कॅल्क्युलेटर असत्यात."

"भाऊ, तुमच्या सुदर्शनकडनंच घेतला की. तुमची मालकीन व्हती तिथं," जानकू म्हणाले.

"हे बघा पावणं, पोराची डिग्री होतीय, नोकरी ठरतीय. तुमच्या पोरीची कॉपी आमच्या गळ्यात बांधू नका."

जानकूंनी चौकशीची तारीख सांगितली, तेव्हा कुशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तांब्या खाली ठेवून ती आत निघून गेली. परतताना वैजयंती म्हणाली, "बाबा, त्या बाईला ठाव हाय."

"असंल. पर ती कशाला बोलंल? तिचं पोरगं हाय ते."

चौकशीच्या दिवशी माझा लिफाफा फोडला गेला. टेबलाभोवती समितीचे तिघे होते, कोपऱ्यात डुंबरे सर आणि समोर वैजयंती उभी होती. अध्यक्षांनी कागद वाचला, "विद्यार्थिनी वारंवार कव्हरच्या आत बोट घालत होती. मान्य आहे?"

"मी पाया पडत व्हते, सर."

"तीन वर्षं जवळ होता, आणि खाली काय आहे ते माहीत नव्हतं?"

"न्हाई."

दुसरे एक सदस्य म्हणाले, "सगळे हेच म्हणतात."

तेवढ्यात शिपाई आत आला. बाहेर एक बाई बसली आहे आणि हटत नाही, असे त्याने सांगितले. बाई आत आली. ती कुशाबाई होती. वैजयंतीचा चेहरा एकदम कठीण झाला. तिला वाटले, ही आपल्या पोराचे नाव वाचवायला आली आहे. मलाही तेच वाटले.

"तुमचं या मुलीशी नातं काय?" अध्यक्षांनी विचारले.

"काय न्हाई. हे जे कोरलंय, ते माझ्या पोरानं कोरलंय. सुदर्शननं. मी शेजारी बसले व्हते."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "बाई, कुणी पाठवलं तुम्हाला? आपल्याच मुलाविरुद्ध कोण सांगतं?"

"कुनी न्हाई पाठवलं. मालक बाजारला गेल्यात, त्यांना ठाव बी न्हाई. मी इचारलं तवा पोरगं म्हनलं, नाव कोरतोय. चार अक्षरांचं नाव, सायेब, आन् दुपारभर कोरत बसला. मला तवाच संशय आला व्हता. पर आपलं पोर म्हनून मी मनाला समजावलं. मग ह्या पोरीला इकला तवा बी मी बघत व्हते, आन् गप बसले. आमच्या दाराशी आली, तवा बी गप बसले."

तिने पिशवीतून एक पिवळी पडलेली वही काढून टेबलावर ठेवली. "ही त्याची वही. मी चौथी शिकलेली. मला यातलं काय कळत न्हाई. तुमीच ताडून बघा."

भिंग आणले गेले. सुदर्शनचा दोनचा आकडा शेपटी आत वळवून गाठ मारल्यासारखा असे. वहीत तो होता आणि माझ्या कव्हरवरही होता. वैजयंतीचा दोन अगदी सरळ. तरी त्या दुसऱ्या सदस्यांचे समाधान होईना. कोरले त्याने असेल, पण वापरले हिने नाही कशावरून? तेव्हा डुंबरे सर प्रथमच बोलले, "तिची पहिली उत्तरपत्रिका मागवा. कोरलेली सूत्रं जुन्या पद्धतीची आहेत. ती पदवीच्या पुस्तकातून गणितं सोडवते. कुठल्या रीतीनं सोडवलीत ते बघा."

उत्तरपत्रिका उघडली. कोरलेले एकही सूत्र तिथे नव्हते. तिने प्रत्येक उत्तर मुळापासून काढत आणले होते.

समितीने तिला निर्दोष ठरवले. सुदर्शन आता तिथला विद्यार्थी नसल्याने त्याच्याबद्दल कागदावर काहीच लिहिले गेले नाही. मला वैजयंतीच्या हाती परत दिले. बाहेर आल्यावर ती कुशाबाईच्या पाया पडायला वाकली, तर कुशाबाई मागे सरली.

"पाया नगं पडू. मी तीन वर्सं उशिरा आले," ती म्हणाली. "आन् आता मला घरी जायचंय. तिथं काय वाढून ठेवलंय ते मला ठाव हाय." एवढे बोलून ती फाट्याकडे चालू लागली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

निकालपत्र प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी हातात पडले. वैजयंती आणि जानकू एसटीने पुण्याला पोचले तेव्हा खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. कारकुनाने निकालपत्र उजेडात धरून पाहिले. "हे सगळ्यांच्या नंतर का मिळालं?" त्याने विचारले. तिने घाईघाईने समितीचे पत्र पुढे केले. त्याने ते दोनदा वाचले, साहेबांना दाखवून आणले आणि मग शिक्का मारला. स्थापत्य शाखेची एक जागा उरली होती. जानकूंनी विचारले, "झालं?" ती "झालं" म्हणाली आणि तिथल्याच पायरीवर बसून रडू लागली.

पदवीची तीन वर्षे मी तिच्याजवळ होतो. त्या गणिताच्या पुस्तकामुळे ती तिथे मागे पडली नाही. कुशाबाईला तिने दोन पत्रे लिहिली, पण उत्तर आले नाही. पिंपळवंडीच्या एका मुलीकडून पुढे कळले, सुदर्शनला नोकरी मिळाली होती, पण त्या दिवाळीला तो घरी आला नाही, आणि रखमाजी कितीतरी दिवस बायकोशी बोलत नव्हते. त्यांचे पुढे मिटले की नाही, मला माहीत नाही.

आता माझ्या पडद्यावर आकडे अर्धेच उमटतात. आठ कुठला आणि तीन कुठला ते कळत नाही. मी वैजयंतीच्या टेबलाच्या खणात, कामाच्या नकाशांखाली पडून आहे. मला कुणी उघडत नाही, त्याचे दुःख नाही. एकाच गोष्टीची खंत वाटते. ज्या मुलीने मला तीन वर्षे फडक्याने पुसले, तिच्यावर मी तीन वर्षे संशय घेतला. एक बोट गणपतीला टेकत होते, ते मी कधी नीट पाहिलेच नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा तिला उघडून पाहा, आणि विकाल तेव्हा आपण तिच्यात दडवलेले आधी पुसून टाका. कुणाविषयी मनात शंका आली तर तिला आत वाढू देऊ नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा. आणि दुसऱ्याच्या बाजूचे खरे तुम्हाला ठाऊक असेल, तर कुशाबाईला जितका वेळ लागला तितका लावू नका. त्या वर्गात मला सगळे माहीत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.