पन्नासच मागायचे होते

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना दांडू आहे. विटी-दांडूतला. हातभर लांब, एका टोकाला थोडा चिरलेला. घरातल्या फळीवर पडल्या पडल्या आजही तो सामना आठवतो आणि मला धक्का बसतो. असं झालंच कसं? माझ्या रेणुकानं असं केलंच कसं?

जन्मानं मी तिफणीची दांडी. वरवट बकालच्या पुढं एका खेड्यात पंजाबरावांच्या घरी तिफण होती. पुढं बीटी कपाशीचं महागडं बियाणं आलं. ते बाया हातानं एकेक दाणा टोबू लागल्या आणि पेरणीची तिफण गोठ्यात नुसती उभी राहिली. तेव्हा पंजाबरावांच्या मुलीनं, रेणुकानं, दांडूसाठी हट्ट धरला. गावच्या कय्यूम मिस्त्रींनी दांडीचा तुकडा कापला, रंधा मारला, टोकं घासली आणि म्हणाले, "घे बेटा. हा तुह्या हाताच्या मापाचा हाय. यालेच धरून राह्यजो." मी असा काही फुगलो म्हणता!

रोज संध्याकाळी रेणुका आणि मिस्त्रींची मुबीना शाळेमागच्या मैदानात खेळायच्या. विटी लांब टोलवायची. मग ती पडली तिथून खड्ड्यापर्यंत किती दांडू भरतील, हे नुसत्या नजरेनं ओळखून तेवढे गुण मागायचे. समोरच्यांना पटलं तर मिळाले. नाही पटलं तर ते म्हणणार, "मोजा!" मग ज्या दांडूनं टोला हाणला त्याच दांडूनं मोजायचं. मागितल्यापेक्षा कमी भरले की सगळा डाव जळाला. रेणुकाची नजर कधी म्हणून चुकायची नाही. म्हातारी रुखमाबाई म्हणायची, "या पोट्टीच्या डोयात फूटपट्टी हाय बाप्पा!" आणि त्या डोळ्याला माप शिकवलं कुणी? मी! पण माझं नाव कोण घेतो?

त्या वर्षी कपाशी उदंड पिकली. व्यापाऱ्याला कापसाच्या गंजी लावायला जागा हवी होती आणि त्याचा डोळा आमच्या मैदानावर होता. भाडं मिळणार म्हणून गावही राजी होतं. सरपंच तानाबाईंनी दोघींना बोलावलं. "जिल्ह्याचा चषक आना पोरीहो. मंग या मैदानाले कोनी हात लावत नाई, हा माहा शब्द. नाई आनला तर गावापुढं माहं काई चालत नाई." मैदान गेलं की मुलींनी खेळायचं कुठं? गावात दुसरी मोकळी जागाच नव्हती.

पोरी जिंकत जिंकत शेवटच्या सामन्यापर्यंत आल्या. सामना आमच्याच मैदानावर, बुलढाण्याच्या जोडीशी. त्या सकाळी पंजाबराव शेगावहून नवा दांडू घेऊन आले. गुळगुळीत, लाल पट्ट्यांचा, माझ्यापेक्षा चार बोटं लांब.

"एवढा मोठा सामना, अन् हे दांडकं घेऊन जाशीन? लोकं हासतीन ना माय."

मुबीना म्हणाली, "काका, हातात बसलेला दांडू काऊन बदलता? आजच्याच दिवशी?"

रेणुकानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मैदानाभोवती जमलेल्या गर्दीकडं पाहिलं. आणि मला पिशवीत खुपसलं! माझं एक टोक तेवढं बाहेर राहिलं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

शेवटचा डाव रेणुकाचा होता. जिंकायला पन्नास हवे होते. तिनं टोला हाणला. खोटं कशाला बोलू, नव्या दांडूनं टोला झकास बसला. विटी थेट हापशाजवळ जाऊन पडली. मुबीना तिच्या कानाशी लागली, "पन्नास माग. पन्नासातच जिंकतो आपन."

पण गर्दी ओरडत होती. "साठ माग, रेणू! साठ!" तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं हापशाकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. मुबीनाकडं मात्र पाहिलं नाही.

"साठ," ती म्हणाली.

बाप रे! मी पिशवीत थिजलो. अगं पोरी, साठ माझे! तुझ्या डोळ्यात माप माझं आणि हातात दांडू दुसरा! दांडू लांब असला की कमी भरतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कसं गं कळलं नाही?

समोरच्या जोडीतली जनका शांतपणे म्हणाली, "मोजा."

मोजणी सुरू झाली. नवा दांडू पडत होता, उचलला जात होता. पन्नास भरले, एकावन्न भरले, आणि पुढं विटीच आली. डाव जळाला. पन्नास मागितले असते तर चषक आमचा होता! तानाबाई मान खाली घालून उठून गेल्या.

सगळे पांगल्यावर मुबीनानं मला बाहेर काढलं. विटी अजून हापशाजवळच होती. तिनं मला घेऊन मोजलं, वाकून वाकून. पुरे साठ भरले.

"पाह्य रेणू. तुहा डोया नाई चुकला."

रेणुका धुळीत बसली होती. "थेच तर," ती म्हणाली. "पन्नास म्हनली असती तर डोयाचं कामच नोतं पडत. तू कानात सांगून राह्यली होती, अन् मले लोकायचंच आयकू आलं." आणि ती मुबीनाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

आठवड्याच्या आत मैदानावर पहिली गंजी लागली. आमचा खड्डा कुठं होता, तेही आता सांगता येत नाही.

मित्रांनो, नवं जरूर घ्या, मी काही कुणाचा वैरी नाही. पण हाताला सवय झालेली वस्तू ऐन परीक्षेच्या दिवशी पिशवीत खुपसू नका. आणि गर्दी साठ साठ ओरडत असली, तरी पन्नासानं काम भागतं का, तेवढं शेजारच्या मैत्रिणीला विचारा. आणि पोरींनो, कुठं एखादी मोकळी जागा उरली असेल, तर मला या फळीवरून खाली काढा. चिरलो असलो, तरी मी अजून तेवढाच लांब आहे.