भुऱ्यानं काय गिळलं

लोहा गावच्या ज्योत्स्नाचं डोकं दोन दिवसांपासून तापलेलं होतं. घरचं कुत्रं, भुऱ्या, पाणीसुद्धा ओकून राहिलं होतं आणि त्यानं काय गिळलं हे घरात कुणी म्हणून सांगेना. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, "हाड, चिंधी, दोरा, जे असंल ते सांगा. त्यावर इलाज ठरतो." आता सांगायचं काय, कप्पाळ?

शेजारच्या शिवगंगाबाई म्हणाल्या गोडं तेल पाजा, दुसरं कुणी म्हणालं मिठाचं पाणी. ज्योत्स्नानं दोन्ही पाजलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. "टोकदार काही असलं तर उलटीत नरडं फाटंल त्याचं. मला विचारल्याबिगर काही पाजू नका." मग तिनं घर पालथं घातलं. मोजे मोजले, बाटल्यांची बुचं हुडकली. केसांचं रबर सापडेना म्हणून लेकीला, महामायाला, रडवलं. रबर दप्तरातच निघालं. ज्योत्स्नाला स्वतःचीच लाज वाटली.

तिचे सासरे पंढरी, एसटीतून रिटायर झालेले, हे सगळं बाजेवर बसून बघत होते.

"मामा, दिवसभर तुम्हीच घरी असता. काही बघितलं का?"

"न्हाई, माय."

रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं हात जोडून पंचशील म्हणणारा माणूस. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. त्यांच्यावर शंका घेणार तरी कोण?

तिसऱ्या दिवशी भुऱ्यानं मानही उचलली नाही. डॉक्टर म्हणाले, नांदेडला न्या. ज्योत्स्नानं त्याला गोधडीत गुंडाळून रिक्षात घातलं, तर मामा न बोलावता शेजारी येऊन बसले. भुऱ्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. गाव मागं पडल्यावर म्हणाले, "आंबा खाल्ला होता मी."

"तीनशे शुगर हाय तुमची, मामा."

"म्हणून तर कोय त्याच्यापुढं टाकली. तुला दिसू नये म्हणून. चाटंल म्हणलं, तर ह्यानं गिळलीच."

"किती?"

"एकच. गावरान होता, बारका."

ज्योत्स्नाला संताप आला. तीन दिवस मुकं जनावर तडफडू दिलं, ते कशासाठी, तर सुनेची बोलणी चुकवायला. वरून तिनं लेकीला रडवलं ते वेगळंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी, एक कोय गिळली हे ऐकल्यावर, भुऱ्याला लगेच ऑपरेशनला घेतलं. तासाभरानं त्यांचा मदतनीस हातात ट्रे घेऊन बाहेर आला.

"आजोबा एक म्हणाले होते ना? दोन निघाल्या. शिवायच्या आधी डॉक्टर विचारून राहिले, अजून आहे का? पुन्हा पोट उघडावं लागलं तर हे टिकायचं नाही."

पंढरींनी आधी सुनेकडं बघितलं.

"मामा," ज्योत्स्ना म्हणाली, "मी काही बोलणार नाही. फक्त आकडा सांगा."

त्यांचे डोळे भरले. "तीन."

मदतनीस पळतच आत गेला.

"तिसरा आंबटच होता," मामा हळूच म्हणाले.