फुमीआजींची शिकवणी

"थांब," फुमीआजी म्हणाल्या. "हे पाठ केलेलं हाय. तुज काय वाटतं, ते सांग."

श्रीविद्यानं वही मिटली. जपानमधल्या वृद्धाश्रमात नर्सच्या नोकरीसाठी तिची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, जपानीतूनच. मागच्या खेपेला घोकलेली उत्तरं धडाधड म्हणून दाखवली आणि ती नापास झाली होती.

"चुकलं तर, आजी?"

फुमीआजी हसल्या. त्या मूळच्या जपानच्या. कोबेच्या बंदरात नोकरीला असलेल्या कृष्णरावांशी लग्न करून त्या तरुणपणीच तमिळनाडूत, तंजावरकडच्या मेलकावेरीत आल्या. सासूने शिकवलेली तंजावरी मराठी बोलत इथेच म्हाताऱ्या झाल्या. कृष्णराव गेल्यावर घर फार शांत झालं, तेव्हा जपानीची शिकवणी सुरू केली.

"मी आठ वर्षांची होते. युद्ध हरलो, अमेरिकेचं राज्य आलं. शाळेत बाईंनी पुस्तकं काढायला लावली. युद्धाचं कौतुक आता नको, म्हणून कुंचल्यानं ही ओळ काळी करा, ते पान काळं करा. सैनिकांचं पान होतं. तेच पाठ म्हणताना चुकले म्हणून त्याच बाईंनी मज पट्टीनं मारलं होतं. शाईखालून अक्षरं दिसत होती. बाई म्हणाल्या, आणखी घाल."

"मग?"

"मग नवी शाळा. मुलं-मुली एका वर्गात. एक दिवस त्याच बाईंनी बाकं गोल मांडली अन् विचारलं, तुम्हांस काय वाटतं? कोणी बोलेना. आपणास काही वाटतं, हेच आम्हांस ठाऊक नव्हतं! बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, मजही कोणी कधी विचारलं नाही."

"तुम्ही काय केलंत?"

"हात वर केला. म्हटलं, बाई, मज भूक लागली हाय." आजी हसता हसता डोळे पुसू लागल्या. "बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. केवढ्या सुंदर अक्षरात!"

मुलाखतीत विचारलं, म्हाताऱ्यांचीच सेवा का? श्रीविद्यानं पाठ केलेलं उत्तर सोडून दिलं. मग मोडक्या जपानीत म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. तिचा हात धरायचा राहिला."

नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी ती पाया पडायला वाकली. आजींनी तिला धरून उभं केलं, दोन पावलं मागे सरल्या आणि स्वतःच कमरेत वाकल्या, जपानी रीतीनं.

"आजी, अहो, हे काय!"

श्रीविद्या रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली. श्रीविद्यानं मागे वळून पाहिलं. दारात आजी तशाच वाकलेल्या होत्या, पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी त्या बराच वेळ सरळ झाल्या नाहीत.