उसनं नाक

नाटक कंपनीत तिला सगळे भिंगरी म्हणत आणि घरीही तेच नाव रुळलं होतं. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. चहासुद्धा ती उभ्याउभ्या, येरझारा घालत प्यायची. कंपनीचा कपडेपट तिच्या ताब्यात होता. रंगमंचामागचा जिना उतरलं की एक लांबुळकी खोली लागे. छतापर्यंत दांडे आणि दांड्यांवर राजांचे झगे, शिपायांचे लोकरी कोट, भिकाऱ्यांची ठिगळं. खाली केसांच्या टोपांच्या पेट्या. खिडकी एकच, तीही कपड्यांमागे गुदमरलेली. या खोलीत भिंगरी दिवसभर दातांत सुई धरून वावरायची आणि दिवसभर शिंकायची.

दमा तिला लहानपणापासून होता. धूळ, लोकर, पिसं, कसलीही सोबत नाकाला सोसायची नाही. म्हणजे त्या खोलीत जे जे होतं, त्या सगळ्याशी तिच्या नाकाचं वैर होतं. डॉक्टर म्हणायचे, "खोली बदल." ती म्हणायची, "डॉक्टर बदलणं सोपं आहे."

तिच्या पिशवीत दोन पंप असत. तपकिरी पंप रोजचा, आतली सूज आवरून धरणारा. निळा पंप अडल्या वेळचा, श्वास कोंडला की ओढायचा. मागच्या नाटकाच्या वेळी ती ऐन प्रयोगाच्या दिवशी अंथरुणाला खिळली होती. तिच्या जागी कुणीतरी घाईत टाके घातले आणि भर रंगमंचावर नायिकेचा झगा पाठीवर उसवला. तेव्हापासून दिग्दर्शक तिच्याकडे पाहताना आधी तिच्या छातीकडे कान लावल्यासारखा थांबायचा. शिट्टी वाजतेय का, याचा अंदाज घ्यायचा. ते तिला फार लागायचं. आता नवं नाटक तोंडावर आलं होतं आणि या वेळी आजारी पडायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिची थोरली बहीण, ताई, एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी भिंगरी तिच्याकडे गेली, तेव्हा ताई कामाबद्दल बोलत होती.

"सध्या नाकंच नाकं चालली आहेत," ताई म्हणाली. "कापसाची काडी नाकात फिरवायची, तिच्यावर आलेले जंतू बशीत वाढवायचे आणि कुठले आहेत ते बघायचं. दमा आणि अ‍ॅलर्जी असलेले लोक एकीकडे, धडधाकट दुसरीकडे."

"आणि? काय निघालं?"

"जंतू सगळ्यांच्याच नाकात असतात गं. आळीत शेजारपाजार असतो तसे. पण दम्याच्या लोकांच्या नाकातली वस्ती वेगळी दिसतेय. काही जंतू जास्तच, काही जवळजवळ गायब."

"म्हणजे माझ्या नाकात गुंड राहतात!"

"असं म्हणाले का मी? गुंड आले म्हणून घर सुजलं, की घर सुजलेलं बघून गुंड शिरले, तेच तर कळत नाहीये अजून. आणि तू जरा बस ना खाली!"

भिंगरीने गुंड आले म्हणून घर सुजलं, एवढंच ऐकलं. पुढचं ऐकेपर्यंत ती मनाने कपडेपटाच्या जिन्यावर पोहोचली होती.

पुढचे काही दिवस तिला दुसरं काही सुचेना. टाका घालता घालता हात थांबायचा. कामातून वेळ मिळाला की ती जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर वाचायची. चांगले जंतू, वाईट जंतू, निरोगी नाकाचं रहस्य. कुणीतरी ठासून लिहिलं होतं की, औषधांच्या फवाऱ्यांनी चांगले जंतू मरतात. लिहिणारा कोण, कुठला, काही पत्ता नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर खरोखरच काडीचा प्रश्न होता.

भावोजी तिला या सगळ्यातूनच आठवले. ताईचा नवरा बस चालवायचा. नाकासमोर चालणारा माणूस आणि ते नाकही कसं, भरभक्कम, कधी सर्दी न पाहिलेलं. घरात सगळे तापाने फणफणले तरी भावोजी आपले शीळ घालत फिरायचे. भिंगरी सरळ बस आगारात गेली. दोन फेऱ्यांच्या मधे ते रिकाम्या बसमध्ये बसले होते.

"भावोजी, एक मागू? नाही म्हणायचं नाही."

"माग की."

"तुमच्या नाकातलं थोडं द्या."

भावोजींचा हात आपसूक नाकाकडे गेला. "नाकातलं? काय?"

"जंतू. तुमचे चांगले आहेत. माझ्या नाकात लावते."

"ताईला विचारलंस?"

"ताईला विचारलं तर ती मला तुमच्यासकट बशीत घालून वाढवेल."

भावोजी हसले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या लग्नात ही मेहुणी मांडवाच्या कोपऱ्यात खांबाला धरून श्वासासाठी धडपडताना त्यांनी पाहिली होती. ते दृश्य ते विसरले नव्हते. "याने काही बिघडणार नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाकातलं नाकात, बिघडायचंय काय," ती म्हणाली. बसच्या मागच्या बाकावर त्यांनी मान वर केली. तिने काडी फिरवली, मग तीच काडी स्वतःच्या नाकपुड्यांत घातली. डोळ्यांतून पाणी आलं. भावोजींनी तोंड फिरवलं.

त्याच दिवसापासून तिने तपकिरी पंप बंद केला. पाहुणे नुकते घरात आल्यावर फवारणी कोण करतं?

आणि नवल म्हणजे, तिला बरं वाटू लागलं. शिंका कमी झाल्या. ती जिना धावत चढू-उतरू लागली. रस्त्याने चालताना मुद्दाम खोल श्वास घेऊन बघायची, पुन्हा घ्यायची, जणू नव्या घराची दारं उघडून बघतेय. भावोजींना फोन करून म्हणाली, "तुमचं नाक सोन्याचं आहे." आधीच्या औषधाचा असर अजून ओसरलेला नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग पहाटेचा खोकला सुरू झाला. छातीत बारीक शिट्टी वाजू लागली. ती उठून बसायची, पाणी प्यायची, खोलीत फेऱ्या मारायची आणि स्वतःची समजूत घालायची: नवे भाडेकरू सामान लावताहेत, थोडी खडखड होणारच. निळा पंप मात्र वारंवार बाहेर येऊ लागला. ताईचा फोन आला की ती बोलणं आटोपतं घ्यायची. दोन वाक्यांपलीकडे दम पुरायचा नाही.

रंगीत तालमीच्या दुपारी दिग्दर्शकाने ऐन वेळी फर्मान सोडलं. राणीला हा अंगरखा नको, जुना पिसांचाच हवा. तो तळाच्या पेटीत होता. भिंगरीने पेटी उघडली, अंगरखा बाहेर ओढला आणि झटकला.

पिसांची भुकटी हवेत उडाली. तिने श्वास घेतला आणि तो आत गेलाच नाही. निळा पंप ओढला. पुन्हा ओढला. काहीच सैल होईना. तिने हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती शीळ बाहेर आली. दांड्याला धरून ती उभी राहू पाहत होती, तेवढ्यात राणीचं काम करणारी नटी अंगरखा न्यायला खाली आली. तिने भिंगरीचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि जिन्यातूनच ओरडली, "गाडी बोलवा! लवकर!"

भिंगरीला वर कुणी आणलं, तर चिलखत घातलेल्या दोन शिपायांनी. पुठ्ठ्याच्या तलवारी कमरेला तशाच लटकत होत्या. इस्पितळाच्या दारात रखवालदाराने त्यांना अडवलं, मग त्यांच्या हातांतली बाई बघून स्वतःच चाकाची खुर्ची घेऊन धावला.

तोंडावर मुखवटा, त्यातून औषधाची वाफ, दंडात सुई. ताई पलीकडच्या इमारतीतल्या आपल्या प्रयोगशाळेतून पांढऱ्या कोटातच पळत आली. श्वास जरा वाटेवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला विचारलं, "रोजचा पंप घेत होतीस?"

भिंगरीने मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

उत्तर दारातून आलं. भावोजी गणवेशातच उभे होते, टोपी हातात चुरगळत. "चूक माझी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बस, बाक, काडी.

ताईने कोटाच्या खिशातून काडीची नवी पुडी काढली. "मान वर करा," ती नवऱ्याला म्हणाली. मग तीच आज्ञा बहिणीला.

दोन दिवसांनी ताई वॉर्डात आली, तेव्हा तिच्या हातात झाकण लावलेली प्लॅस्टिकची बशी होती. आत पिवळेधमक, गोल ठिपके दाटले होते. भावोजी पलंगाशी बसले होते.

"बघा," ताई म्हणाली. "तुमच्या नाकात सोनं पिकलंय. याचा रंगच असा असतो. दम्याच्या लोकांत हा जंतू जास्त दिसतो, म्हणून तर आम्ही त्याच्या मागे आहोत."

भावोजींचा चेहरा उतरला. "पण मला तर काहीच होत नाही!"

"कित्येकांना होत नाही. धडधाकट माणसाच्या नाकातही तो मजेत राहतो."

"म्हणजे मी हिला..."

"तेच सांगता येत नाही." ताई पलंगाच्या कडेला टेकली. "हिच्याही नाकात तो निघालाय. पण तुमच्याकडून आला की आधीपासूनच होता, कसं कळणार? आधी कधी हिचं नाक तपासलंच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, पंप बंद केला आणि त्यात पिसं, एवढ्यानेच झटका यायला पुरे. जंतूंनी हातभार लावला असेल, नसेलही."

"असं कसं, नसेलही?" भिंगरी उठून बसली. हाताला लावलेली सलाइनची नळी ताणली गेली. "तू रोज हेच बघतेस आणि तुला माहीत नाही?"

"नाही माहीत." ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "माहीत असतं तर सगळ्यांत आधी तुलाच सांगितलं नसतं का? लहानपणी तुझी छाती वाजायची तेव्हा मी शेजारच्या अंथरुणात जागी असायचे. त्यापायी तर या कामात आले मी."

हे भिंगरीला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ती परत आडवी झाली. मग ती भावोजींना म्हणाली, "मी मागितलं म्हणून तुम्ही दिलंत. उगाच जिवाला लावून घेऊ नका." त्यांनी मान डोलावली, पण नजर वर केली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या घरी आले की ते दारापाशीच बसत, खिडकी उघडी आहे ना, बघून घेत.

पहिला प्रयोग भिंगरीशिवाय पार पडला आणि कुणाचाही झगा उसवला नाही. हे ऐकून तिला बरं वाटलं आणि वाईटही. इस्पितळातून सुटल्यावर ती दिग्दर्शकाशी भांडली, चांगली कडकडून. कपडेपट वरच्या मजल्यावर, तीन खिडक्यांच्या खोलीत हलला आणि पिसांचे कपडे बंद पिशव्यांत जाऊन दुसऱ्याच कपाटात गेले. दिग्दर्शक म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही छातीकडे बघत होता, तोंडाकडे कुठे बघत होता?"

तपकिरी पंप ती आता चुकवत नाही. ताईच्या अभ्यासात तिचंही नाक दाखल झालं आहे. ठरल्या दिवशी जाते, काडी फिरवून घेते, शिंकते, निघते. छातीतली शिट्टी पुष्कळ कमी झाली आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही. आपल्या नाकात कोण राहतं, ते कशासाठी राहतात, त्यांना हलवता येईल का, हा भुंगा कामातही गुणगुणत असतो. मग ती सुई उशीला टोचून ताईला फोन लावते.

"लागला का काही पत्ता?"

"लागला की सांगते."

"पण कधी?"

"अगं, काल तर विचारलंस!"

"कालचं काल झालं," भिंगरी म्हणते आणि फोन कानाशी धरून खिडकीपासून दारापर्यंत फिरत राहते.