बाळंतिणीच्या दारातली हडळ

मौजमहाल पुन्हा उघडायचा ठरला, तेव्हा मालकांनी सगळ्यांना तिकीटघराच्या पत्र्याखाली लांब लांब उभं केलं आणि खालमानेनं हिशेब मांडला. हातकणंगल्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेली ती बाग. एरवी सुट्टीच्या दिवशी तिथं पोरांचा इतका कालवा असायचा की झाडावर पाखरू टिकायचं नाही. टाळेबंदी आली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. लाटांच्या तळ्यात शेवाळ धरलं, बेडकांनी संसार थाटला, आकाशपाळण्याच्या पेट्यांत चिमण्यांनी घरटी बांधली.

आता परवानगी आली होती, पण निम्मीच माणसं आत घ्यायच्या अटीवर. विजयसिंह मालक सांगत होते की पाळण्यात माणसं निम्मी बसली म्हणून मोटार काही निम्मी वीज खात नाही. तळ्याला अजून मनाईच. झुकझुकगाडीचं डिझेल तिच्या तिकिटातून सुटत नाही. म्हणजे जे खात नाही तेवढंच उघडायचं, आणि न खाणारा होता एकटा भूतबंगला. त्याला दोन माणसं लागायची, एक हिरवा दिवा लागायचा, आणि अंधार. अंधाराचं बिल येत नाही.

"आता भुतांनीच आपल्याला जगवायचं बगा," मालक म्हणाले.

माळी हसला, तिकीटवाला हसला. सांगाड्याचं काम करणारा पिराजी तर कमरेत वाकून मुजरा करून मोकळा झाला. हसली नाही ती बसव्वा. ती त्या बंगल्यातली हडळ होती.

खोट्या विहिरीत दबा धरून बसायचं, माणसं काठाशी आली की मोकळ्या केसांनी वर यायचं आणि पोटातून हसायचं, एवढंच तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दांडगे पैलवान गडी तिच्या हसण्याला भिऊन बायकोच्या मागं लपले होते. नवऱ्यामागं तिनं याच हसण्यावर लेक वाढवली, तिचं लग्न लावून दिलं. ती लेक, सौंदर्या, आता घरात बाळंतीण होती.

आणि हडळ म्हणजे कोण? बाळंतपणात गेलेली बाई. आपलं राहून गेलं म्हणून दुसरीच्या तान्ह्याकडं ओढ घेते, दारापाशी घुटमळते आणि संधी मिळताच आत शिरते, असं त्या भागातल्या म्हाताऱ्या सांगतात. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी धगधगती ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची, उशाखाली विळा ठेवायचा. बाहेरून आलेल्यानं पाय धुवायचे, हात शेकायचे, मगच आत यायचं. बाहेरचं वारं बाळाला लागू द्यायचं नाही. इचलकरंजीच्या विहीणबाई या बाबतीत फार कडक. त्यांना बसव्वाचं खरं काम कळलं असतं, तर त्यांनी सुनेला माहेरी धाडलंच नसतं. तेव्हा सौंदर्यानं सासूला सांगून ठेवलेलं, माजी अव्वा बागेच्या हॉटेलात भाकऱ्या थापते. मायलेकी या थापेवर कितीदा तरी तोंडात पदर कोंबून हसल्या होत्या.

यंदा हसू येत नव्हतं. म्हाताऱ्यांचं ते बाहेरचं वारं आता डॉक्टरसुद्धा सांगायला लागले होते. गणपतीच्या सुमारास शेजारची अंबूबाई आपल्या पायांनी चालत दवाखान्याच्या गाडीत बसली, तुळशीला पाणी घाल गं म्हणून बसव्वाला सांगून गेली, आणि तिचं शेवटचं तोंडही कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. बसव्वा रोज तुळशीला पाणी घालायची आणि घालताना श्वास धरून असायची.

पण जावयाचा यंत्रमाग बंद होता. बाळंतिणीच्या डिंकाला, खारकेला पैसा यायचा तो हडळीच्याच हातातून. भुतानं घरी बसून चालणार कसं?

शनिवारी बाग उघडली. बसव्वानं पांढरं लुगडं नेसलं, तोंडाला सफेता फासला आणि त्यावर मास्क लावला. विहिरीतून वर आली, हसली, तर समोरची पोरं किंचाळायच्या ऐवजी फिदीफिदी हसायला लागली. "आयला, हडळ बी भ्याली की रं कोरोनाला," एक जण म्हणाला, आणि ते रांगेत शेवटपर्यंत पोचलं. न घाबरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येत नाही. थोड्या वेळानं मालक मागच्या दारानं आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वतः एकावर एक दोन मास्क लावलेला तो माणूस अजिजीनं बोलला.

"मावशी, माणसं म्होरं हायत तेवढ्यापुरता काढा. माझी सक्ती न्हाई. पर ह्यो एक बंगला पडला, तर गेटचं कुलूप मी परत काढत न्हाई."

तिनं मास्क काढून कमरेला खोचला.

त्यानंतर ती नुसती ऐकत राहिली. दारातला गडी मास्क बघून एकेकाला आत सोडायचा. पहिलं वळण संपलं की कानामागून रबर सुटल्याचा बारीक आवाज यायचा. एकाचं सुटलं की मागोमाग सगळ्यांची. अंधारात कोण बघतंय? उजेडाचा कवडसा येऊ नये म्हणून खिडक्यांत पोती ठासून वर काळं कापड ठोकलेलं, त्यामुळं आत वारा असा नव्हताच. होता तो श्वास. मघाच्या टोळीचा, तिच्या आधीच्या टोळीचा, शिळा आणि कोमट. किंकाळी आली की तिच्या गालाला ओलसर ऊब लागायची. हसायच्या आधी ती श्वास कोंडून बघायची. पण कोंडल्या श्वासानं हसता येत नाही. पोटातून हसायचं तर पोटभर वारं आत घ्यावं लागतं.

प्लायवूडच्या पलीकडं पिराजीची लाकडी हाडं खडखडत होती. दुपारनंतर त्या खडखडाटात एक वेगळा आवाज मिसळला. तो खोकत होता आणि हाडं वाजवून खोकला झाकत होता. टोळी पुढं सरकल्यावर तिनं विचारलं, तर म्हणाला, इतकं म्हैनं बंद हुतं, धूळ न्हाय व्हायची व्हय. तिनं ते खरं धरलं. खरं धरायला तिला बरं वाटलं.

संध्याकाळी वडापच्या जीपनं घरी येऊन तिनं मागच्या परड्यात आंघोळ केली, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं, हात शेगडीवर शेकले आणि मग नात मांडीवर घेतली. बारसं राहिलं होतं, तोवर नाव नुसतं चिमी. टाळूवर तेल थापता थापता ओवी आपोआप ओठांवर आली:

वाऱ्या रं वाऱ्या दादा, उंबऱ्यात नको येऊ
तान्ही ग माजी नात, तिची झोप नको नेऊ

चिमीनं जांभई दिली. इवलंसं तोंड, जास्वंदीच्या कळीएवढं, आणि आतला गुलाबी अंधार. बसव्वानं श्वास धरून झटकन मान फिरवली.

रविवारी गर्दी अशी लोटली की निम्म्याची अट गेटावरच विरघळली. दुपारी दोन्ही भुतं मागच्या पायरीवर अंतर ठेवून जेवायला बसली. बसव्वानं नेहमीसारखा पिराजीच्या भाकरीवर खर्डा घातला. तिचा खर्डा म्हणजे लवंगी मिरचीचा जाळ. पिराजी एरवी पहिल्याच घासाला हाय हाय करत तांब्या तोंडाला लावायचा आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज तो सावकाश जेवत होता. अख्खा गोळा भाकरीवर पसरून त्यानं खाल्ला. डोळ्यांत पाणी नाही की नाकाला धार नाही.

"आज मिरची इसरलीस व्हय गं मावशी?"

बसव्वाचा घास हातातच राहिला. पिराजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग भाकरीकडं पाहिलं. बोट खर्ड्यात बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. बनियनवर रंगवलेल्या फासळ्यांखाली त्याची खरी छाती भरभर वरखाली व्हायला लागली.

"ताप आलता का रं?" तिनं विचारलं.

"येऊन गेलता. म्हटलं उतारला, आता काय." त्यानं भाकरी खाली ठेवली. "सांगू नगंस मावशी. मला धाडत्याल घरी, त्येचं काय न्हाई. पर समद्यांचं कुलूप माज्या नावावर पडंल."

बसव्वाच्या डोळ्यांपुढं कुलूप आलं नाही. तेल लावलेली टाळू आली, तिच्या बोटाखाली लपलपणारी.

तिनं मालकांना सांगितलं. ते दोन पावलं मागं सरले. तपासलंय का, न्हाई न्हवं, असं पुटपुटले, मग रांगेकडं बघितलं. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि शाळा सुटल्यासारखी पोरं उड्या मारत होती. पिराजीला त्यांनी मागच्या वाटेनं घरी लावून दिलं आणि बसव्वापुढं हात जोडले. एवढी रांग तेवढी निघू द्या, सांजच्याला बघू. तिनं जायला नको होतं. पण भ्यालेलं माणूस ओळखीच्या जागी जाऊन बसतं, तशी ती जाऊन आपल्या विहिरीत बसली.

टोळी आली. वळण झालं, रबरं सुटली. आणि त्या अंधारात एक तान्हं बाळ रडलं.

कुणी बाई बाळाला घेऊनच आत आली होती. शालीच्या घडीतून येणारं ते रडणं जवळ जवळ येत होतं आणि आई त्याला समजावत होती, भिऊ नगं माज्या सोन्या, खोटं हाय समदं, मी हाय की. बसव्वा विहिरीत दबा धरून, केस मोकळे सोडून, दुसरीच्या लेकराची वाट बघत बसलेली. तिच्या छातीत कोंडलेलं वारं सुटायला टपलेलं. एवढी वर्षं तिनं हडळीचं सोंग घेतलं. सोंग आता कुठवर राहिलं होतं, तिला कळेना.

ती हसली नाही. पदर तोंडावर घट्ट दाबून ती विहिरीच्या मागच्या बाजूनं बाहेर पडली, चाचपडत खिडकी गाठली आणि काळ्या कापडाला हिसका दिला. खिळे सुटले, पोतं ओढून काढलं, आणि दुपारचं ऊन धाडकन आत पडलं.

थर्माकोलच्या कवट्या, सुतळीला टांगलेली वटवाघळं, कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या सगळं उघडं पडलं. आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, माणसांच्या उघड्या तोंडांतून आत जात होती, बाहेर येत होती. कुणी किंचाळलं नाही. सगळ्यांचे हात एकदम हनुवटीखालच्या मास्ककडं गेले. इतकं गप्प घाबरणं बसव्वानं त्या बंगल्यात कधी ऐकलं नव्हतं.

"हितं आजार हाय," ती पदराआडून म्हणाली. "लेकराला घेऊन आदी बाहेर व्हा."

बाग तासाभरात ओस पडली. मालक तिकीटघराच्या खिडकीशी उभं राहून लोकांच्या शिव्या खात तिकिटाचे पैसे परत करत होते. तिच्यावर आवाज चढवायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. ती लांबून जायला निघाली तेव्हा एवढंच म्हणाले, "मावशी, म्हातारी आई माज्या बी घरात हाय." हा ठपका होता की आणखी काही, ते तिला उमगलं नाही.

वडापमध्ये बसायची तिला भीती वाटली. ती चालत गेली. दारापुढच्या चिंचेखाली थांबली आणि तिथूनच हाक मारली. सौंदर्या चिमीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आली, रोजच्यासारखं बाळ पुढं केलं.

"मी आत येत न्हाई," बसव्वा म्हणाली. "पिराजीला झालाय तो आजार. आणि काल चिमीला मी घेतलती."

सौंदर्यानं बाळ छातीशी ओढून एक पाऊल मागं घेतलं. घेतलं ते तिच्याही नकळत. पण दोघींनी ते पाहिलं. बसव्वानं तिला सासूला फोन करायला सांगितलं, आणि हडळीचंही काही लपवू नको म्हणाली.

बसव्वानं रात्र चिंचेखालीच काढली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर विहीणबाई रिक्षा घेऊन आल्या. इचलकरंजीच्या घरातली मागाची खोली बंदच होती, तिथं सौंदर्याला आणि चिमीला सगळ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि दोघींची तपासणी करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. डोक्यावरून पदर, नाकावर फडकं, असा अवतार करून त्या चिंचेपासून लांब थांबल्या. बसव्वा खाली मान घालून बोलणी खायच्या तयारीत उभी.

"हडळ हाईसा म्हणं तुमी."

"व्हय."

विहीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हडळी दारात थांबत न्हाईत ओ," त्या म्हणाल्या. "तुमी थांबलासा." आणि आवाज ओला झालेला कळू नये म्हणून रिक्षावाल्यावर खेकसल्या.

सौंदर्या बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. रिक्षाशी थबकली आणि आजीला एकदा दिसावं म्हणून तिनं दुपटं बाजूला केलं. चिमीच्या तोंडावर सकाळचं ऊन आलं आणि ती शिंकली.

एकच शिंक. तान्ही बाळं शिंकतातच, नुसत्या उजेडानंही शिंकतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी रिक्षावाल्याचा हात किल्लीवर थांबला. विहीणबाई उचललेलं पाऊल तसंच धरून उभ्या राहिल्या. सौंदर्यानं चिंचेखाली पाहिलं.

बाळ शिंकलं की आजीनं म्हणायचं असतं, शंभर वरीस जग. शब्द बसव्वाच्या ओठांशी आले. पण ते म्हणायचे तर श्वास सोडावा लागणार होता. तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला, आणि रिक्षा उसाच्या फडाआड दिसेनाशी होईपर्यंत ती ते आतल्या आतच म्हणत राहिली.